पोलीस भरती, प्रशिक्षण आणि नोकरीचं पहिलं वर्ष: लोकांचा विश्वास नेमका कुठे घडतो?

उंबरठा (धागालेखक)

पोलिसांवर लोकांचा विश्वास का बसत नाही, हा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. कुणी म्हणतं भरतीतच चुकीची माणसं येतात, कुणी म्हणतं माणसं ठीक असतात पण प्रशिक्षण तुटपुंजं असतं. दोन्हींत तथ्य आहे. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्याच टप्प्याची. प्रशिक्षण संपवून नवा शिपाई प्रत्यक्ष कामावर येतो, ते पहिलं वर्ष. त्या वर्षात तो कुणाच्या हाताखाली पडतो, यावर पुढच्या सगळ्या नोकरीतला पोलीस ठरतो, असं माझं मत आहे. आणि नेमका हाच टप्पा सगळ्यात दुर्लक्षित आहे.

एक उदाहरण सविस्तर मांडतो, कारण ते जगाने पाहिलंय पण बहुतेकांनी अर्धंच पाहिलंय. २५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसांनी पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाला. डेरेक शॉविन या पोलिसाने ९ मिनिटं २९ सेकंद त्यांच्यावर गुडघा दाबून धरला होता. त्याच्याबरोबर आणखी तीन पोलीस होते. त्यातले दोघं, थॉमस लेन आणि अलेक्झांडर कुएंग, नुकतेच स्वतंत्र ड्यूटीवर आलेले. यांना कुशीवर वळवायचं का, असं लेनने विचारलं. नाही, असं उत्तर आलं. थोड्या वेळाने त्याने तेच पुन्हा विचारलं. कुएंगने नाडी पाहिली आणि ती लागत नाही असं सांगितलं. आणि तरीही दोघं जागचे हलले नाहीत.

आता यातली दुसरी बाजू. शॉविन हा शिकाऊ पोलिसांना प्रत्यक्ष कामावर शिकवणारा अधिकारी होता, आणि कुएंगच्या शिकाऊ काळात त्याने कुएंगला शिकवलं होतं. सहकारी गैरवाजवी बळ वापरत असेल तर त्याला रोखणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, असा लेखी नियम त्या खात्यात २०१६ पासून होता. म्हणजे नियम होता, तो नव्या मुलांना शिकवलेला होता, आणि काहीतरी चुकतंय हे त्यांच्या लक्षातही आलं होतं. कमी पडलं ते इतकंच, की ज्याच्याकडून काम शिकलो त्याचा हात धरायचा कसा. पुढे दोघांनाही शिक्षा झाल्या.

शॉविनविरुद्ध आधी डझनभराहून जास्त तक्रारी नोंदलेल्या होत्या. अशा माणसाकडे नवी मुलं सोपवली कुणी आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न मला भरतीच्या कुठल्याही परीक्षेपेक्षा मोठा वाटतो.

भरतीत आणि प्रशिक्षणात काय बदललं तर विश्वास वाढतो, याबद्दल तुमचे अनुभव आणि वाचन दोन्ही हवंय. नुसता संताप व्यक्त करायला दुसरे धागे आहेत, इथे उपायांवर बोलूया.

काजवा

चांगला धागा. पण भरतीला इतकं मागे ढकलणं मला पटत नाही. आत आलेला माणूस बाहेर काढणं फार कठीण असतं, म्हणून दारातच चाळणी हवी.

लंडनचं उदाहरण घ्या. मार्च २०२१ मध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीचं अपहरण करून तिची हत्या झाली. करणारा वेन कझन्स हा नोकरीत असलेला पोलीस होता, आणि पोलीस असल्याचा वापर करूनच त्याने तिला गाडीत बसवलं. या प्रकरणासाठी नेमलेल्या अँजिओलिनी चौकशीचा पहिला अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष स्वच्छ आहे: हा माणूस पोलिसात यायलाच नको होता. २०१५ मध्ये अश्लील वर्तनाबद्दल त्याची तक्रार पोलिसांकडे गेली होती, तिचा नीट तपास झाला नाही, आणि तीन वर्षांनी तो लंडनच्या दलात दाखल झाला. त्याच दलातला डेव्हिड कॅरिक २००१ पासून नोकरीत होता. २०१७ मध्ये त्याची पार्श्वभूमी पुन्हा तपासली गेली, त्यातही तो पास झाला. नंतर त्याने बलात्कारांसह ४९ आरोप कबूल केले.

याच काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२३ पर्यंत २० हजार जादा पोलीस भरायचं उद्दिष्ट होतं. पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या निरीक्षक यंत्रणेने नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात दाखवून दिलं, की ज्यांना घ्यायलाच नको होतं अशांना पार्श्वभूमी तपासणीत मंजुरी मिळाल्याची प्रकरणं आहेत. आकडा गाठायची घाई झाली की पहिला बळी जातो तो तपासणीचा. मायामीत १९८० च्या दंगलींनंतर अशीच घाईची भरती झाली होती. काही वर्षांतच तिथले पोलीस अमली पदार्थांच्या तस्करांना लुटताना पकडले गेले.

माझं म्हणणं एवढंच: चारित्र्य पडताळणी म्हणजे गुन्हा नोंद आहे का हे बघून मारलेला शिक्का नव्हे. शेजारी, जुने सहकारी, आधीची नोकरी, घटस्फोटाच्या कागदपत्रांतले छळाचे आरोप, हे सगळं पाहिलं पाहिजे. आणि ते एकदाच पाहून थांबायचं नाही, दर काही वर्षांनी पाहायचं.

रानवारा

दोघंही बरोबर, पण प्रशिक्षणाचा काळ तरी बघा. अमेरिकेत २०१८ च्या सरकारी पाहणीनुसार प्राथमिक प्रशिक्षण सरासरी ८३३ तासांचं, म्हणजे पाचेक महिन्यांचं. त्यातले सत्तरहून जास्त तास नुसते बंदुकीचे. नॉर्वेत पोलीस व्हायला तीन वर्षांची पदवी लागते, फिनलंडमध्येही तीन वर्षं. जर्मनीत अडीच ते तीन. यावर अजून काय बोलायचं?

निवृत्त_निदेशक

मी प्रशिक्षण केंद्रात बरीच वर्षं शिकवलंय. कुठल्या दलात ते सांगत नाही, त्याने फरकही पडत नाही, कारण इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांशी बोलल्यावर चित्र तेच दिसलं.

रानवारा, तास महत्त्वाचे आहेत, पण तासांत काय भरलंय ते बघा. प्रशिक्षणार्थी केंद्रात पाऊल ठेवतो तेव्हापासून तो एक धडा दिवसरात्र शिकत असतो, आणि तो कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. वरचा माणूस खालच्याशी कसा बोलतो, हा तो धडा. एकाची चूक झाली की सगळ्या तुकडीला शिक्षा. रजा मागितली की आधी अपमान, मग नकार. कारण विचारलं तर ती बेशिस्त. तुंबलेल्या संडासाची तक्रार केली म्हणून त्याच मुलाला तो साफ करायला लावल्याचं मी पाहिलंय. संध्याकाळी त्याच मुलाला मी वर्गात नागरिकांशी सौजन्याने कसं वागावं हे शिकवायचो. त्याने कुठला धडा घरी नेला असेल? सत्ता म्हणजे कारण न देता बोलायची मुभा, हे एकदा अंगात मुरलं की समोर नागरिक आला तरी तोच सूर लागतो.

शिस्त नको असं मी म्हणत नाही. मी स्वतः कवायत घेतली आहे आणि मला ती आवडते. जमाव अंगावर येतो तेव्हा हुकूम ऐकून एकत्र हलणारी तुकडी लागते. पण पोलिसाच्या कामाचा बहुतेक वेळ जमावासमोर जात नाही. तो जातो एका टेबलापलीकडे बसलेल्या घाबरलेल्या माणसासमोर, आणि तिथे हुकूम द्यायला कुणी नसतं. तिथे त्याने स्वतः विचार करायचा असतो.

आम्ही एक सराव घ्यायचो, तो सांगतो. एक टेबल, दोन खुर्च्या. नाटकात काम करणारी एक बाई बोलावलेली. मुलगा दोन दिवस घरी आला नाही, अशी तक्रार घेऊन ती येते. प्रशिक्षणार्थी फॉर्म पुढे ओढतो आणि सुरू करतो: नाव, वय, पत्ता, व्यवसाय. बाई मध्येच मुलाबद्दल सांगायला लागते, तो म्हणतो थांबा, ते पुढच्या रकान्यात आहे. तिथे मी सराव थांबवायचो आणि सांगायचो, पेन खाली ठेव. दोन मिनिटं लिहायचं नाही, फक्त ऐकायचं. पुन्हा सुरुवात. आता बाई सलग बोलते, आणि तिच्या बोलण्यातूनच कळतं की मुलाचं मोठ्या भावाशी भांडण झालं होतं, त्याचा मित्र दुसऱ्या गावी राहतो, आणि जाताना त्याने चार्जर नेलाय. फॉर्मच्या रकान्यांतून यातलं काहीच वर आलं नसतं. सराव संपल्यावर त्या बाईंना आम्ही विचारायचो, तुम्हाला कसं वाटलं? मुलं माझं ऐकायची नाहीत इतकं लक्ष देऊन त्यांचं ऐकायची.

हा सराव वर्षातून एखाद्या वेळीच होई. कवायत रोज होई.

आणि उंबरठा, तुमचा मुद्दा अगदी मर्मावर आहे. नव्या पोलिसाला ठाण्यात पहिल्याच आठवड्यात ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "तिकडे शिकवलेलं तिकडेच ठेव, इथलं काम वेगळं असतं." आमचा सगळा अभ्यासक्रम त्या एका वाक्यात निकालात निघतो.

मोरपीस

निदेशक सर, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात तुटलं. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे.

घरी चोरी झाली होती. वस्तू मिळाल्या नाहीत, आणि मिळतील अशी मोठी आशाही नव्हती. पण ठाण्यात मला आधी तासभर उभं ठेवलं, मग विचारलं की कुलूप नीट लावलं होतं का, घरात कोण कोण येतं, आधी का नाही आलात. तक्रारीची प्रत मागितली तर ती कशाला हवी, असा प्रश्न. दुसऱ्या दिवशी दुसरे एक हवालदार घरी पाहणीला आले. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, बूट बाहेर काढले, कुठे कुठे बघणार हे आधी सांगितलं, आणि निघताना स्पष्ट म्हणाले की अशा चोऱ्यांचा माल क्वचितच सापडतो, पण काही कळलं तर मी स्वतः फोन करेन. त्यांनी फोन केलाही, अजून काही कळलेलं नाही हे सांगायला. निकाल दोघांकडून सारखाच, शून्य. तरी आज मला काही झालं तर मी त्या दुसऱ्या माणसाकडे जाईन.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की यावर संशोधन आहे. टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात शिकागोतल्या रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या होत्या. लोक पोलिसांना न्याय्य मानतात की नाही हे निकाल आपल्या बाजूने लागला का यावर फारसं अवलंबून नसतं. आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, सगळ्यांना एकच नियम लावला का, मान राखला का, आणि हेतूबद्दल भरवसा वाटला का, यावर ते ठरतं. या चारही गोष्टी शिकवता येतात.

पायवाट

मोरपीसताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, आणि टायलरशी सहमत. पण "शिकवता येतात" यापुढे मला प्रश्न पडतो. शिकवून टिकतं का?

२०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा अशा सहा देशांत लोकसहभागी पोलिसिंगचे प्रयोग एकाच पद्धतीने केले गेले: गस्त, बैठका, तक्रारी ऐकणं, सगळं. निष्कर्ष असा, की लोकांचा विश्वास वाढला नाही आणि गुन्हेही कमी झाले नाहीत. संशोधकांनी कारणं दिली ती अशी: वरिष्ठांचा पाठिंबा मध्येच आटला, पुढाकार घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, आणि लोकांनी सांगितलेल्या अडचणींवर काम करायला साधनंच नव्हती.

राजस्थानातला प्रयोगही बघा. १६२ पोलीस ठाण्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी राज्याच्या पोलिसांबरोबर तो केला. साप्ताहिक सुट्टी, पाळीपाळीने कामं, ठाण्यात नागरिक निरीक्षक, बदल्यांना स्थगिती आणि प्रशिक्षण, असे उपाय वेगवेगळ्या ठाण्यांत करून पाहिले. ठाण्यात खरी वागणूक कशी मिळते हे कळावं म्हणून बनावट तक्रारदारही पाठवले. पहिले तीन उपाय प्रत्यक्षात नीट राबवलेच गेले नाहीत, कारण ते रोज ठाणेदाराच्या मर्जीवर होते. परिणाम दिसला तो प्रशिक्षणाचा आणि बदल्या थांबवण्याचा.

याचा अर्थ मी असा लावतो: ठाण्याच्या प्रमुखाची इच्छा नसेल तर नवा शिपाई कितीही चांगला शिकून आला तरी एकटा पडतो.

उंबरठा (धागालेखक)

पायवाट, सहा देशांचा अभ्यास इथे आणल्याबद्दल आभार. तो अभ्यास माझ्या मुद्द्याच्या विरोधात जातो असं मला वाटत नाही. ते उपक्रम चालू व्यवस्थेवर वरून चढवलेले होते. आत काम शिकवणारी साखळी तशीच राहिली.

ती साखळी बदलायचा प्रयत्न कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेने फार आधी केला. १९७० मध्ये तिथल्या एका पोलिसाच्या हलगर्जीमुळे गाडीचा अपघात झाला आणि त्यात माणूस मेला. त्याची कागदपत्रं उघडली तेव्हा शिकाऊ काळातच तो या कामाला योग्य नसल्याच्या खुणा दिसल्या. पण त्या अशा नोंदलेल्याच नव्हत्या की त्यांच्या आधारे त्याला थांबवता यावं. त्यातून १९७२ पासून त्यांनी पद्धत बसवली. शिकाऊ पोलीस काही आठवडे एका प्रशिक्षक अधिकाऱ्याबरोबर, मग दुसऱ्याबरोबर, मग तिसऱ्याबरोबर. रोजच्या रोज लेखी निरीक्षण, ठरलेल्या निकषांवर गुण. एकाच माणसाच्या मर्जीवर किंवा एकाच माणसाच्या सवयींवर त्याचं भवितव्य ठरत नाही.

मिनियापोलिसमध्येही अशीच पद्धत होती, हे कुणी म्हणायच्या आधी मीच म्हणतो. म्हणजे पद्धतीचा सांगाडा पुरेसा नाही, प्रशिक्षक कोण हे पाहावंच लागतं. आणि ज्याच्यावर बळाच्या गैरवापराच्या तक्रारी आहेत त्याला कुठल्याही परिस्थितीत शिकाऊ पोलीस देऊ नये, असा नियम करायला एक पैसा लागत नाही.

नॉर्वेत तर तीन वर्षांतलं मधलं वर्षच प्रत्यक्ष कामावर असतं. विद्यार्थी ठाण्यात जातो, काम करतो, आणि तिसऱ्या वर्षी परत वर्गात येतो. जे पाहिलं ते घेऊन येतो, त्यावर शिक्षकांशी बोलतो. "तिकडे शिकवलेलं तिकडेच ठेव" म्हणणाऱ्या हवालदाराचं वाक्यसुद्धा तो वर्गात आणू शकतो. परत येण्याची ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते.

काजवा

हे पटलं. मी परत माझ्या दाराकडे येते, कारण कोण अर्ज करतं हासुद्धा भरतीचाच भाग आहे आणि त्यावर फार थोडा विचार होतो.

अमेरिकेत चॅटनूगा शहरात पोलिसांनी अर्ज करण्याचं आवाहन करणारी पोस्टकार्डं पाठवली आणि वेगवेगळ्या घरांना वेगवेगळा मजकूर दिला. "समाजाची सेवा करा" या मजकुराचा काही परिणाम झाला नाही. "हे काम आव्हानाचं आहे, तुम्हाला जमेल का?" आणि "इथे दीर्घकाळाची नोकरी आहे" या मजकुरांवर सुमारे तिप्पट अर्ज आले, आणि जे लोक एरवी पोलिसांत येत नाहीत त्यांच्यावर, म्हणजे स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांवर, परिणाम विशेष होता. सेवेची भाषा ज्यांना आधीच ओढ आहे त्यांच्याचपर्यंत पोचते.

इंग्लंडमधल्या एव्हन अँड सॉमरसेट दलाला दिसलं की ऑनलाइन प्रसंगनिर्णय चाचणीत (अमुक प्रसंगात तुम्ही काय कराल, असं विचारणाऱ्या) अल्पसंख्य वंशांचे उमेदवार जास्त गळतात. त्यांनी चाचणी बदलली नाही. चाचणीआधी जाणाऱ्या ईमेलची भाषा थोडी आपुलकीची केली आणि एक ओळ घातली: तुम्हाला पोलीस का व्हायचंय आणि तुमच्या समाजाला त्याचा काय उपयोग होईल, याचा क्षणभर विचार करा. त्या उमेदवारांच्या उत्तीर्ण होण्याच्या शक्यतेत ५० टक्के वाढ झाली. बाकीच्यांच्या निकालात फरक पडला नाही. निकष एका केसानेही खाली न आणता.

शून्यमध्य

काजवा, याला जोडून उत्तर आयर्लंड. दल आणि जनता यांच्यात याहून मोठी दरी क्वचितच कुठे असेल. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतला तिथला सशस्त्र संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर क्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, १९९९ मध्ये त्याने १७५ शिफारशी केल्या. नाव बदललं, बोधचिन्ह बदललं, स्वतंत्र लोकपाल आला. आणि दहा वर्षं भरतीत कॅथलिक आणि इतर यांचं प्रमाण निम्मं-निम्मं ठेवलं. २००१ मध्ये दलात कॅथलिक ८ टक्क्यांच्या आसपास होते, २०११ मध्ये सुमारे ३० टक्के.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओमाह इथे रोनन केर हा २५ वर्षांचा नवा कॅथलिक पोलीस गाडीखाली लावलेल्या बाँबने मारला गेला. असे तरुण पोलिसांत येऊ नयेत म्हणूनच तो हल्ला होता. त्याच्या अंत्ययात्रेत शवपेटी आधी गेलिक क्रीडा संघटनेच्या, म्हणजे मुख्यतः कॅथलिक समाजात रुजलेल्या आयरिश खेळांच्या संघटनेच्या, लोकांनी खांद्यावर घेतली आणि मग पोलिसांच्या हाती दिली. त्या संघटनेत २००१ पर्यंत पोलिसांना सभासदच होता येत नव्हतं. विश्वास बदलला हे आकड्यापेक्षा मला तिथे दिसलं.

पण हेही सांगायला हवं की निम्म्या-निम्म्याची सक्ती २०११ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रमाण जवळजवळ तिथेच अडकलंय. दार एकदा उघडलं की कायम उघडं राहतं असं नाही.

रानवारा

मग जॉर्जिया या देशासारखं (अमेरिकेतलं राज्य नव्हे, पूर्वी सोव्हिएत संघात असलेला देश) सरळ सगळं साफ का करू नये? २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर, म्हणजे निदर्शनांतून झालेल्या सत्तांतरानंतर, तिथल्या सरकारने सुमारे १६ हजार वाहतूक पोलिसांना एका फटक्यात घरी पाठवलं. नवी तरुण भरती केली, पगार कित्येक पटींनी वाढवले, काचेच्या भिंतींची ठाणी बांधली. रस्त्यावरची लाचखोरी जवळपास बंद झाली. दोन-तीन वर्षांत!

पायवाट

रानवारा, लाचखोरी गेली हे खरं आणि ते छोटं यश नाही. पण पुढचंही वाचा. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याच सरकारच्या पोलिसांनी राजधानीत निदर्शकांवर रबरी गोळ्या आणि अश्रुधूर चालवला. २०१२ मध्ये तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत सरकार पडलं. नवी माणसं आली, पैसे खाणं थांबलं, पण वरून आलेल्या चुकीच्या हुकमाला नाही म्हणणं कुणी शिकवलं नव्हतं. पगार आणि काचेच्या भिंती त्याची जागा घेत नाहीत.

शून्यमध्य

आणि जुनीच माणसं घेऊनही बदल होतो. भिवंडीत १९८४ मध्ये भीषण दंगल झाली होती. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही धर्मांचे सामान्य लोक आणि त्या वस्तीची जबाबदारी दिलेले पोलीस कर्मचारी नियमित एकत्र बसायचे. नळाचं पाणी, गल्लीतली भांडणं, असल्या गोष्टींवर बोलायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यातला शिपाई नवीन भरतीतला नव्हता. त्याला वस्ती नेमून दिली होती आणि लोक त्याला नावाने ओळखत होते, एवढाच फरक.

सहा देशांच्या अभ्यासात जे टिकलं नाही ते इथे टिकलं, कारण अधिकारी स्वतः त्यात उतरला होता. पायवाट, हा तुमच्याच मुद्द्याचा पुरावा.

मोरपीस

स्त्रियांच्या भरतीबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांत महिलांसाठी मदत कक्षांचा प्रयोग झाला, २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि गुन्हा दाखल होण्यातली वाढ मुख्यतः महिला पोलीस चालवत असलेल्या कक्षांमुळे होती. शिकागोतल्या नोंदींवरच्या २०२१ च्या अभ्यासात सारख्याच परिस्थितीत महिला पोलिसांनी बळाचा वापर कमी केल्याचं दिसलं.

पण नुसती संख्या भरून त्यांना बंदोबस्ताला आणि कारकुनीला लावलं तर यातलं काही होणार नाही. त्या टेबलामागे त्यांना बसवा, आणि निर्णयाचा अधिकार द्या.

निवृत्त_निदेशक

उंबरठा, तुम्ही सुरुवातीला विचारलं होतं की शिकवणाऱ्याचा हात धरायचा कसा. हे शिकवता येतं. न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी २०१६ च्या सुमाराला त्यासाठीच कार्यक्रम सुरू केला, मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टाउब यांच्या कामावर आधारलेला. सहकाऱ्याचा तोल जातोय हे ओळखायचं, आणि प्रसंग हाताबाहेर जायच्या आत त्याला बाजूला करायचं. खांद्यावर हात ठेवून "मी बघतो, तू जरा मागे हो" म्हणायचा सराव करायचा, कनिष्ठाने वरिष्ठाला म्हणायचा सुद्धा. आणि ज्याला थांबवलं त्यानेही ते उपकार मानून घ्यायचं, कारण त्याची नोकरी वाचते.

संघर्ष निवळवण्याच्या प्रशिक्षणाचंही असंच. लुइव्हिल शहरात २०१९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने देऊन मोजणी केली गेली. बळाच्या वापराचे प्रसंग २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या स्वतःच्या जखमा ३६ टक्क्यांनी कमी झाल्या. शेवटचा आकडा मी प्रत्येक वर्गात सांगितला असता. "हे सगळं नागरिकांच्या लाडासाठी आहे" असं म्हणणाऱ्या मुलांना तोच पटतो.

काजवा

सर, मग असे प्रशिक्षक येतात कुठून? चांगला अधिकारी प्रशिक्षण केंद्रात जायला तयार असतो का?

निवृत्त_निदेशक

बऱ्याच दलांत प्रशिक्षणाची नेमणूक म्हणजे बाजूला टाकणं मानलं जातं. वरिष्ठांशी वाजलं की पाठव केंद्रावर. मग नाराज माणूस पहिल्या तासाला नव्या मुलांना आपली कडू गोष्ट सांगतो. हे उलटं करायचं तर बढतीसाठी दोन वर्षं शिकवल्याची अट हवी, भत्ता हवा, आणि निवड अर्ज मागवून व्हावी.

ठाण्यातल्या प्रशिक्षकासाठीही तेच. मी असतो तर तीन गोष्टी पाहिल्या असत्या. त्याच्याविरुद्धच्या तक्रारी, सिद्ध न झालेल्या सुद्धा. त्याने नोंदवलेल्या फिर्यादींमधल्या दहा लोकांना फोन करून विचारलेला अनुभव. आणि त्याच्या हाताखाली आधी शिकलेल्यांचं मत, नाव न घेता, त्यांची दुसरीकडे नेमणूक झाल्यावर घेतलेलं. शेवटचं मी एकदा लेखी सुचवलं होतं. कनिष्ठाने वरिष्ठाचं मूल्यमापन करणं शिस्तीत बसत नाही, असं उत्तर आलं.

उंबरठा (धागालेखक)

सर, ती सूचना तुमच्याकडे अजून असेल तर इथे टाकाल का? ओळख पटेल असा तपशील काढून. सध्या शिकाऊ काळात असलेले किंवा नुकतेच त्यातून गेलेले सभासद इथे वाचत असतील तर त्यांनीही लिहावं: पहिल्या वर्षात तुम्हाला कुणी शिकवलं, त्या व्यक्तीची निवड कशी झाली होती, आणि तुमचं मत कुणी कधी विचारलं का?

निवृत्त_निदेशक

आहे. दीड पानाची आहे. रविवारपर्यंत टंकून टाकतो.